एमएमपी-९ कामच करत नाही? आधी या चुका टाळा

एमएमपी-९ (मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेज-९) हे जिलेटिनसारखी प्रथिनं कापणारं एन्झाइम. रिकॉम्बिनंट (पेशींकडून बनवून घेतलेल्या) ह्यूमन एमएमपी-९ची नवी वायल उघडली, कापला गेल्यावर चमकणारा सबस्ट्रेट घालून प्लेट लावली आणि फ्लुरोसन्सची रेघ आडवीच राहिली, की पहिला संशय कंपनीवर जातो: एन्झाइम खराब पाठवलंय. बहुतेक वेळा वायलमधलं प्रोटीन ठणठणीत असतं.

एमएमपी-९ बहुधा प्रो-रूपात, म्हणजे अजून सक्रिय न झालेल्या रूपात येतं, साधारण ९२ किलोडाल्टनचं. प्रो-डोमेन या झाकणासारख्या भागातलं एक सिस्टीन (अमिनो आम्ल) सक्रिय केंद्रातल्या झिंकला धरून बसलेलं असतं, त्यामुळे सबस्ट्रेटचं काही चालत नाही. १ मिलिमोलर एपीएमए (एन्झाइम सक्रिय करणारं रसायन) घालून ३७ अंशांवर ठेवलं की ही पकड सुटते, प्रो-डोमेन कापला जातो आणि सुमारे ८२ किलोडाल्टनचं सक्रिय रूप मिळतं. इथे घाई नडते. याच कुटुंबातलं एमएमपी-२ तासाभरात तयार होतं म्हणून यालाही तासच दिला जातो. याला बराच जास्त वेळ लागतो, कधी कधी रात्रभर. लेबल नीट वाचा, डेटाशीटवरचा वेळ पाळा. सक्रिय केलेलं एन्झाइम मात्र साठवून ठेवू नका, ते स्वतःलाच कापत जातं. आणि एपीएमएमध्ये पारा असतो, तेव्हा उरलेलं द्रावण सिंकमध्ये अजिबात ओतायचं नाही. पाऱ्याच्या कचऱ्याची बाटली वेगळी ठेवा.

जिलेटिन झायमोग्रामवर (जिलेटिन मिसळलेला जेल, एन्झाइमने ते पचवलं तिथे पट्टी दिसते) ९२ला पट्टी दिसली म्हणून ‘सक्रिय आहे’ असं लिहून मोकळं होणारे विद्यार्थी मी नेहमी पाहते. जेलमधल्या एसडीएस या डिटर्जंटमुळे प्रो-रूपाची घडी उलगडते, ट्रायटन या सौम्य डिटर्जंटने धुतल्यावर ते प्रो-डोमेन न कापताच जिलेटिन पचवू लागतं. झायमोग्राम आकार सांगतो; द्रावणात ते काम करत होतं की नाही, हे सांगत नाही.

मग बफर. ५० मिलिमोलर ट्रिस, १० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, ०.०५ टक्के ब्रिज-३५ (सौम्य डिटर्जंट), पीएच ७.५. हाताशी आहे म्हणून पीबीएस (फॉस्फेट असलेलं बफर) घेतलं तर कॅल्शियम फॉस्फेट बनून द्रावण गढूळ होतं. ईडीटीए (धातूचे आयन पकडणारं रसायन) असलेलं इनहिबिटर कॉकटेल किंवा सवयीने घातलेलं डीटीटी (डायसल्फाइड बंध तोडणारं रसायन), दोन्ही घातक. ब्रिज वगळलं तर नॅनोग्रॅममधलं प्रोटीन ट्यूबच्या भिंतीलाच चिकटतं, आणि दोष डायल्यूशनला दिला जातो.

वायल पुन्हा पुन्हा वितळवू नका. पहिल्याच दिवशी छोटे अ‍ॅलिकॉट (एकेका वापरापुरते भाग) करून उणे ८० अंशांवर ठेवा. व्हॉर्टेक्सवर जोरात घुसळणं नको.

प्रत्येक प्लेटवर एक वेल फक्त सबस्ट्रेटची आणि एक एन्झाइमसोबत २० मिलिमोलर ईडीटीएची ठेवाच. बफरमधलं कॅल्शियमच १० मिलिमोलर आहे, त्याहून कमी ईडीटीए पुरत नाही. ईडीटीएच्या वेलमध्येही रेघ चढली, तर तो सिग्नल एमएमपी-९चा नाही. नमुन्यात सीरम असेल तर त्यातले प्रोटीएज (प्रथिनं कापणारी इतर एन्झाइम) तपासा, आणि सीरममधलं अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन एमएमपीला अडकवून ठेवतं हेही लक्षात घ्या.

हे सगळं पाहूनही रेघ आडवीच असेल, तर एपीएमएआधीचा आणि नंतरचा नमुना एकाच जेलवर चालवा. पट्टी ८२कडे सरकलेली असेल आणि तरी काम होत नसेल, तर सबस्ट्रेट ताजं घेऊन पाहा. पट्टी हललीच नसेल आणि एपीएमएही नवं असेल, तर लॉट नंबरासह तो जेलचा फोटो कंपनीला पाठवा.