रेक्झिन, लेदर आणि पीयू: बोलताना, घेताना, जपताना या चुका टाळा

चतुर्थीला आठ दिवस होते. आमच्या कुडाळच्या सीट-कव्हरच्या दुकानात एक काकी ऑफिसची काळी बॅग घेऊन आल्या. मे महिन्यात कपाटात ठेवलेली, पावसाळाभर हातही न लावलेली. पिशवीतून बाहेर काढली आणि काळे पापुद्रे टेबलावर, त्यांच्या साडीवर, माझ्या हाताला.

"रेक्झिन उडाला, तेवढा चिकटवन दी."

"काकी, ह्या रेक्झिन न्हय."

"मगे लेदर?"

लेदरही नव्हे. बॅग पीयूची होती, म्हणजे कापडावर पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा पातळ थर दिलेली.

पहिली चूक इथेच होते. नकली चामडं दिसलं की आपण सरसकट रेक्झिन म्हणतो. मुळात रेक्झिन हे एका ब्रिटिश कंपनीच्या मालाचं नाव. मँचेस्टरजवळच्या हाइड गावात तिचा कारखाना होता. कापडावर नायट्रोसेल्युलोज, कापराचं तेल, अल्कोहोल आणि रंग यांचा लेप द्यायचा आणि वर चामड्यासारखी नक्षी दाबायची. पुस्तकांच्या बांधणीला, मोटारींच्या आणि रेल्वेच्या डब्यांतल्या बैठकींना ते वापरत. जुन्या सिनेमाच्या रिळीही नायट्रोसेल्युलोजच्याच, त्यामुळे ते पेटायचंही पटकन. तो माल गेला, नाव राहिलं. डालडा आणि झेरॉक्सचं झालं तसंच. आज आपल्याकडे रिक्षाच्या सीटसाठी रेक्झिन मागितलं की मिळतं ते पीव्हीसीचा थर दिलेलं कापड, आणि त्या अर्थाने हा शब्द अगदी बरोबर आहे. घोटाळा होतो तो पीयूच्या मालालाही तेच नाव दिल्यावर. दोन्ही दिसायला सारखी, पण कोकणच्या हवेत दोघांची गत वेगळी होते.

पीयू हाताला मऊ लागतं, म्हणून पर्स आणि बुटांना ते जास्त. पण दमट हवेतलं पाणी त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडतं. वस्तू वापरात नसली तरी तुटणं चालूच असतं. म्हणूनच "नवी तर होती, वापरली कुठे?" ही तक्रार आमच्याकडे ऑगस्टात सर्वांत जास्त. एकदा पापुद्रा सुटायला लागला की फेव्हिकॉल, फेव्हिक्विक, काही लावू नका. थरच कुजलाय, चिकटवलेल्या तुकड्याशेजारचा तुकडा उद्या सुटणार. पीव्हीसी असं गळत नाही. ते उन्हात कडक होऊन तडकतं, किंवा त्याला मऊ ठेवणारं द्रव्य बाहेर येऊन चिकचिकीत होतं.

दुसरी चूक आमच्या भागातली खास: खोबरेल तेल चोळणं. केसांना चालतं, दाराच्या बिजागरीला चालतं, मग सीटला का नको? चामडं तेल पितं, प्लास्टिक पीत नाही. तेल वर बसतं, धूळ धरतं, आणि त्या मळावर जुलैत पांढरी बुरशी येते. लेदर पॉलिशचीही तीच कथा. थिनरने तर रंगच निघतो. साबणाचं सौम्य पाणी, ओला फडका, मग कोरडा फडका, आणि सावलीत वाळवणं. एवढं पुरे.

बुरशी वरून पुसली तरी परत येत असेल तर वरचं रेक्झिन बघत बसू नका, खालचा फोम दाबून बघा. पाणी शिलाईच्या भोकांतून आत जातं. त्यातही टाके फार जवळ घातले असतील तर पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग तयार होते आणि सीट नेमकी तिथूनच फाटते. शिंप्याला टाका लांब ठेवायला सांगा, दोरा पॉलिस्टरचा किंवा नायलॉनचा. सुती दोरा एका पावसाळ्यात कुजलेला मी कितीदा उसवलाय.

ओळखायचं कसं? काडी पेटवून तर अजिबात नाही. पीव्हीसीच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड वायू असतो, घशाला आग लावणारा. पाण्याच्या थेंबाचाही भरवसा नाही, कारण वरून लेप दिलेलं खरं चामडंही थेंब पीत नाही. कोपरा उलटा करा. मागे बनियनसारखी वीण किंवा विणलेलं कापड दिसलं तर ते चामडं नव्हे. चामड्याची पाठ दोऱ्यांची नसते, सुटे तंतू आणि लव असते. मागे वेगळं अस्तर शिवलेलं असेल तर आतली कापलेली कड बघा.

आता शब्दांकडे. ऑनलाइन खरेदीत "फॉक्स लेदर" वाचून एका गिऱ्हाइकाने मला विचारलं, हे कोल्ह्याचं कातडं का? तो फ्रेंच शब्द आहे, उच्चार "फो", अर्थ खोटं. कोल्ह्याचा काही संबंध नाही. "व्हेगन लेदर" म्हणजे प्राण्याचं नाही एवढंच. बऱ्याचदा आत पीयूच असतं. "बाँडेड लेदर" म्हणजे चामड्याचा भुगा चिकटवून केलेला पत्रा, तोही पापुद्रे सोडतो. मेणकापड ही तर आणखी निराळीच वस्तू. आणि "रेक्झिन लेदर" असं बिलावर लिहिणारा दुकानदार मला थोडा कातडीबचाऊच वाटतो, दोन्हींकडून सुटायला मोकळा. बिलावर पीव्हीसी की पीयू, तेवढं लिहून घ्या.

लिहिताना रेक्झीन, रेग्झिन, रेक्सिन सगळं चालतं. मी रेक्झिन लिहितो. शब्द नपुंसकलिंगी: रेक्झिन फाटलं, रेक्झिनचं कव्हर.

काकींच्या बॅगेची चेन आणि पितळी बक्कल शाबूत होती. ती उसवून काढली आणि खऱ्या रेक्झिनच्या, म्हणजे पीव्हीसीच्या, नव्या बॅगेला लावून दिली. "जरा जड झाली," म्हणाल्या, आणि तीच घेऊन मुंबईच्या गाडीत बसल्या.