काळा डाग दिसला म्हणजे कण पोहोचले असं नाही: चुंबकीय नॅनोकणांचा कॉन्ट्रास्ट आणि या चुका

लोह-ऑक्साइडचे नॅनोकण बनवले की पहिला व्हिडिओ ठरलेला असतो: बाटलीला चुंबक लावला, काळे कण क्षणात काचेला चिकटले, पाणी नितळ. सांडपाण्यातून काही ओढून काढायचं असेल तर उत्तम. पण शिरेतून द्यायच्या एमआरआय कॉन्ट्रास्टसाठी (म्हणजे कण पोहोचतील तो भाग प्रतिमेत काळा दिसावा म्हणून) हे लक्षण वाईट. १० नॅनोमीटरच्या आसपासचे, नीट कोटिंग झालेले सुटे कण हातातल्या चुंबकाला इतक्या लवकर दाद देत नाहीत. झटकन गोळा होतात त्या बहुतेकदा गुठळ्या असतात.

बिघाड अनेकदा पहिल्याच पायरीवर असतो. रसायनशास्त्रज्ञ मासार यांनी १९८१ मध्ये मांडलेली को-प्रेसिपिटेशनची (दोन्ही लोहक्षार एकत्र साक्यात आणायची) पद्धत आजही बहुतेक ठिकाणी वापरतात: फेरस (Fe²⁺) लोह एक भाग, फेरिक (Fe³⁺) लोह दोन भाग, वर अमोनिया. फेरस सल्फेटचे खडे फिकट हिरवे असायला हवेत. ते पिवळट-तपकिरी पडले असतील तर बरंच फेरस आधीच फेरिक झालेलं असतं. मग काट्यावर १:२ कितीही नेमकं तोला, फ्लास्कमध्ये ते प्रमाण उरत नाही. ताजी बाटली घ्या, पाण्यातून आधी नायट्रोजन सोडा. काळा माल पुढे तपकिरी झाला तर मात्र घाबरू नका. मॅग्नेटाइट या काळ्या लोह-ऑक्साइडचा मॅगहेमाइट झाला, तोही चुंबकीयच. गंजासारखा लाल रंग आला आणि चुंबक ओढेना, तर ती बॅच सोडून द्या.

दुसरी गफलत बफरची. सायट्रेटचं कोटिंग केलेले कण साध्या पाण्यात महिनोन्‌महिने छान तरंगतात, कारण ऋण भार त्यांना एकमेकांपासून लांब ठेवतो. पीबीएसमधलं (शरीरातल्या द्रवाइतक्या खारट बफरमधलं) मीठ तो भार झाकतं आणि कण एकमेकांना चिकटतात. म्हणून डीएलएस (प्रकाशाने कणांचा आकार मोजायची चाचणी) फक्त पाण्यात करून थांबू नका. पीबीएस आणि सीरममध्येही करा, ताबडतोब आणि दुसऱ्या दिवशी. गंमत अशी की गुठळ्या व्हायला लागल्या की सुरुवातीला आर-टू (लोहाच्या प्रमाणात कण एमआरआयचा सिग्नल किती वेगाने विझवतात त्याचा आकडा) वाढतो आणि सगळे खूश होतात. नंतर माल तळाशी बसतो, आकडा कोसळतो, आणि दोष स्कॅनरवर येतो.

आता आर-टूच्या आलेखाकडे या, कारण सर्वाधिक घोळ इथेच होतो. उभ्या अक्षावर १/टी-टू असतो (टी-टू म्हणजे सिग्नल विझायचा वेळ), रेषेचा चढ म्हणजे आर-टू. आडव्या अक्षावर लोहाची मिलिमोलर तीव्रता हवी, पावडरीची नव्हे. शुद्ध मॅग्नेटाइटमध्येही वजनाने लोह सुमारे ७२ टक्केच असतं. कोटिंग आणि ओलावा धरला तर आणखी कमी. शिवाय मॅग्नेटाइटच्या एका मोलमध्ये लोहाचे तीन मोल असतात. हिशोब मॅग्नेटाइटच्या मोलमध्ये केला की आर-टू तिप्पट दिसतो आणि बाजारातल्या औषधाला मागे टाकल्याचा भास होतो. आयसीपी (मूलद्रव्यं मोजायचं महागडं यंत्र) नसेल तर नमुना आम्लात पूर्ण विरघळवून, सगळं लोह फेरसमध्ये आणून, फिनॅन्थ्रोलिनने (फेरसला लालसर रंग देणारं रसायन) ५१० नॅनोमीटरच्या प्रकाशात लोह मोजा. कॉलेजच्या प्रयोगशाळेतही हे होतं.

आणि रेषा वरच्या टोकाला वाकत असेल तर? आर-टू १०० (प्रति मिलिमोलर प्रति सेकंद) धरा. १ मिलिमोलर लोहाला टी-टू १० मिलिसेकंद येतो, ५ मिलिमोलरला फक्त २. पहिला एको (स्कॅनर टिपतो तो सिग्नल) १० मिलिसेकंदांवर असेल तर ५ मिलिमोलरच्या नळीत तोपर्यंत एक टक्क्याहून कमी सिग्नल उरलेला असतो, बाकी नुसता नॉइज. सॉफ्टवेअर त्या नॉइजवरही इमानेइतबारे वक्र बसवतं आणि टी-टू खोटा लांब दाखवतं. असे नमुने पातळ करा, ०.०५ ते ०.५ मिलिमोलर ही पट्टी बरी. अगार जेलच्या फँटममध्ये (स्कॅनरमध्ये ठेवायच्या चाचणी-नमुन्यात) बुडबुडा राहू देऊ नका, तोही काळाच दिसतो.

प्राण्यातल्या कर्करोगाच्या गाठीत तर काळं दिसण्याची कारणं पैशाला पासरी: जुना रक्तस्राव, कॅल्शियम, शेजारच्या आतड्यातली हवा. फेज इमेजवर (चुंबकीय फरक दाखवणाऱ्या प्रतिमेवर) कॅल्शियम वेगळं काढता येतं, पण रक्तातलं लोह आणि तुमचं लोह तिथेही एकाच बाजूला पडतं. म्हणून कण देण्याआधीचा स्कॅन, तीच स्लाइस, तोच एको टाइम. याला पर्याय नाही. प्रशियन ब्लूचा, म्हणजे पेशीतलं लोह दाखवणाऱ्या चाचणीचा निळा रंगही अंतिम पुरावा मानू नका, जुन्या रक्तस्रावातून उरलेलं हिमोसिडेरिनही निळंच होतं. फक्त सलाइन दिलेल्या प्राण्याची गाठ शेजारी ठेवा. टार्गेटिंगबद्दलही (कण नेमके गाठीत पोहोचवण्याबद्दल) अपेक्षा आवरा: २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात दिलेल्या डोसपैकी गाठीत पोहोचणाऱ्या नॅनोकणांचं मध्यक प्रमाण फक्त ०.७ टक्के निघालं. मोठा वाटा यकृत आणि प्लीहा घेतात.

यकृताच्या या सवयीवरच फेरिडेक्स हे लोह-ऑक्साइडचं कॉन्ट्रास्ट औषध उभं होतं, १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं. त्यात निरोगी यकृतातल्या कुप्फर पेशी कण गिळून काळ्या पडायच्या आणि कुप्फर पेशी नसलेली गाठ उजळ राहायची. ‘गाठ काळी झाली नाही, म्हणजे कॉन्ट्रास्ट चालला नाही’ हा निष्कर्ष तिथे साफ उलटा.

दवाखान्यातली एक चूक मात्र रुग्णाकडूनही होते. फेरुमॉक्सिटॉल हे लोह-ऑक्साइड नॅनोकणांचं इंजेक्शन २००९ पासून अमेरिकेत मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या ॲनिमियासाठी मंजूर आहे. कॉन्ट्रास्ट म्हणून त्याचा वापर बराच काळ नोंदणीबाहेरचा होता, आणि तीव्र ॲलर्जीचा चौकटीतला इशारा त्यावर २०१५ पासून आहे. लोहासाठी ते घेतलं असेल तर तीन महिन्यांपर्यंत एमआरआयच्या प्रतिमा बदलू शकतात, म्हणून तंत्रज्ञाला आधी सांगायलाच हवं. एक्स-रे, सीटी किंवा पेटमध्ये ही अडचण येत नाही.