दुधा-तुपाशिवाय दिवाळीची नानकटाई आणि केळ्याचा केक

घरात एखाद्याला दूध चालत नसेल, तर दिवाळीच्या फराळात त्याच्या वाट्याला शेव, चिवडा आणि चकली तेवढी उरते. नानकटाईचा डबा उघडला की त्याला नको म्हणावं लागतं, आणि लहान मूल असेल तर ते बघवत नाही. तूप काढून तिथं तेल ओतलं की काम झालं, असंही नाही. तसं केलं की नानकटाई एक तर ताटभर पसरते, नाहीतर दगड होते. तूप, दूध आणि दही भट्टीच्या पदार्थात वेगवेगळी कामं करतात. प्रत्येक काम दुसऱ्या कशाकडे द्यायचं ते कळलं की पदार्थ बिघडत नाही.

आधी नक्की काय चालत नाही ते विचारून घ्या. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचणं वेगळं आणि दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी वेगळी. लॅक्टोज न पचणाऱ्या पुष्कळांना साजूक तूप चालतं, कारण त्यात लॅक्टोज जवळजवळ नसतं. अ‍ॅलर्जी असलेल्याला मात्र तुपातला प्रथिनांचा अंशही भोवू शकतो. खालच्या कृती अ‍ॅलर्जीवाल्याला धरून लिहिल्या आहेत, त्यामुळे त्या दोघांनाही चालतील. एक सावधगिरी: आपल्याकडे दुधाच्या जागी शेंगदाणा येतो, आणि शेंगदाण्याचीही अ‍ॅलर्जी असते. पाहुण्यांच्या मुलांना देण्याआधी तेही विचारा.

पुड्यावरचा हिरवा ठिपका पाहून फसू नका. तो शाकाहाराचा आहे, आणि दूध शाकाहारातच मोडतं. घटकांची यादी वाचा. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, स्किम्ड मिल्क पावडर, बटर ऑइल यांतलं काहीही दिसलं तर तो पुडा नको. यादीच्या खाली अ‍ॅलर्जीची वेगळी ओळ असते, तिथं दुधाचा उल्लेख करणं कंपन्यांना बंधनकारक आहे. मार्गारीनमध्ये बऱ्याचदा दुधाची पावडर असते. गडद चॉकलेटही दूधविरहित असेलच असं नाही.

स्निग्ध पदार्थ कोणता

नानकटाईची सगळी गंमत थिजलेल्या तुपात आहे. ते साखरेबरोबर फेसलं की हवा धरतं, आणि मैद्याच्या कणांभोवती बसून त्याला चिवट होऊ देत नाही. म्हणून इथं थिजणारंच काहीतरी हवं. पर्याय दोन: वनस्पती तूप किंवा खोबरेल तेल. वनस्पती तुपाला भट्टीवाले अजून डालडाच म्हणतात. २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली आहे, त्यामुळे ते पूर्वीइतकं वाईट राहिलेलं नाही. तरी चवीला आमचा कौल खोबरेलाला आहे.

खान्देशात खोबरेल म्हणजे डोक्याला लावायचं तेल, त्यामुळे नाव काढलं की नाकं मुरडली जातात. खाण्यासाठीचं, वास काढलेलं रिफाइंड खोबरेल घ्या. वेलची आणि जायफळ घातल्यावर ते ओळखू येत नाही. त्याची खरी अडचण वेगळी आहे. ते साधारण २४ अंशांना वितळतं, आणि जळगाव-धुळ्यात दिवाळीतही दुपार त्याहून कितीतरी गरम असते. म्हणून हे काम पहाटे किंवा रात्री काढा. तेल वाटीत घेऊन फ्रिजमध्ये १५ ते २० मिनिटं ठेवा. बोट दाबलं तर खड्डा पडावा पण ओघळ येऊ नये, इतपतच थिजू द्या. दगडासारखं झालं तर ते साखरेत फेसलं जात नाही, गोळे राहतात.

नुसतं शेंगदाणा तेल नानकटाईला घेऊ नका. ते थिजत नाही, हवा धरत नाही, आणि नानकटाई रेताड होते. शेंगदाण्याची चव हवीच असेल तर खोबरेल दोन भाग आणि शेंगदाणा तेल एक भाग घ्या. घाणीच्या तेलाचा वास बेसनाशी छान जमतो, पण व्हॅनिला घालणार असाल तर तो तिच्यावर मात करतो.

नानकटाई, साधारण २२ नग

मैदा १५० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, थिजलेलं खोबरेल १२० ग्रॅम (वनस्पती तूप असेल तर १२५), बेकिंग पावडर पाऊण चहाचा चमचा, मीठ दोन चिमटी, वेलची-जायफळ पूड एक चमचा.

सुरुवात बेसनापासून करा, आणि ही पायरी टाळू नका. जाड कढईत २० ग्रॅम खोबरेल वितळवून त्यात बेसन मंद आचेवर ८ ते १० मिनिटं परता. रंग किंचित गडद झाला आणि खमंग वास सुटला की लगेच ताटात काढा, कारण कढईच्या उष्णतेनं ते पुढेही भाजत राहतं. साजूक तुपाच्या नानकटाईत जो वास आपण लहानपणापासून ओळखतो, त्यातला मोठा वाटा या भाजकेपणाचा असतो. तूप नाही म्हटल्यावर तो वास बेसनाकडूनच मिळवायचा. बेसन पूर्ण गार होऊ द्या. गरम बेसन घातलं तर सगळं थिजलेलं तेल वितळेल.

उरलेलं १०० ग्रॅम खोबरेल आणि पिठीसाखर ४ ते ५ मिनिटं फेसा. मिश्रण पांढरं आणि हलकं व्हायला हवं. आता बेसन मिसळा. मग मैदा, रवा, बेकिंग पावडर, मीठ आणि वेलची एकत्र चाळून घाला आणि बोटांनी फक्त गोळा जमवा. पोळीच्या कणकेसारखं मळलं की नानकटाई चिवट होते. गोळा कोरडा वाटला तर एक चमचा तेल घाला, पाणी अजिबात नको. रवा फुलायला आणि तेल परत थिजायला गोळा झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

२० ग्रॅमचे गोळे करा, हलके चपटे करा आणि दोन बोटांचं अंतर सोडून मांडा. ओव्हन १६० अंशांवर १५ मिनिटं आधी तापवून ठेवा. १८ ते २२ मिनिटं लागतात. वरून पांढरट राहिली आणि तळाची कड सोनेरी झाली की बाहेर काढा. ताटातून लगेच उचलू नका. गरम असताना ती मऊच असते, गार होताना घट्ट होते. मऊ लागते म्हणून आणखी पाच मिनिटं ठेवली की ती कडक झालीच समजा.

पारंपरिक कृतीत चमचाभर दही आणि चिमूटभर सोडा असतो. दह्याचा आंबटपणा सोड्याला फुलवतो. दही काढलं आणि सोडा तसाच ठेवला, तर सोडा अर्धवट राहतो, साबणासारखी चव येते आणि वर पिवळे ठिपके पडतात. म्हणून आपण बेकिंग पावडर घेतली, तिच्यात आम्ल आधीच असतं. डबा जुना असेल तर अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाकून बघा. जोरात फेस आला तरच वापरा.

दादर घालून केलेली नानकटाई मैद्याच्या नानकटाईपेक्षा आम्हाला जास्त आवडते. दादर ज्वारीचं पीठ गोडसर असतं, आणि तापी-गिरणेच्या पट्ट्यात ते घरोघर मिळतं. १५० ग्रॅम मैद्यातला अर्धा काढून त्या जागी ताजं दळलेलं, चाळलेलं दादरीचं पीठ घाला. सगळा मैदा बदलू नका. ज्वारीत पीठ धरून ठेवणारं ग्लुटेन नसतं, त्यामुळे नानकटाई डब्यात हात घालताच भुगा होते. दादर ओलावा हळू शोषते, म्हणून गोळा तासभर तरी ठेवा.

केळ्याचा केक

इथं थिजणाऱ्या तेलाची गरजच नाही. केळं ओलावाही देतं आणि मिश्रण धरूनही ठेवतं, त्यामुळे अंडंही लागत नाही. जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण केकसाठी बाजारातलं पिवळंधमक केळं कामाचं नाही. रायपनिंग चेंबरमधून, म्हणजे केळी पिकवायच्या खोलीतून, आलेलं केळं सालीनं पिवळं आणि आतून पिठूळ असू शकतं. ते कागदात गुंडाळून दोन-तीन दिवस ठेवा. सालीवर काळे ठिपके दाट झाले की पिठाची साखर झाली. असं केळं काट्यानं सहज चेचलं जातं.

चेचलेलं केळं २५० ग्रॅम, कणीक २२५ ग्रॅम, गूळ १२० ग्रॅम, शेंगदाणा तेल ७५ मिली, शेंगदाण्याचं दूध ६० मिली, लिंबाचा रस एक मोठा चमचा, बेकिंग पावडर दीड चहाचा चमचा, सोडा अर्धा, मीठ पाव चमचा.

दुधाच्या जागी शेंगदाण्याचं दूध घ्यायचं कारण रंग. दुधातली प्रथिनं आणि साखर केकला तपकिरी करतात. पाणी घातलेला केक फिकाच राहतो आणि माणूस रंगासाठी तो जास्त भाजून कोरडा करून टाकतो. १०० ग्रॅम शेंगदाणे सहा तास भिजवा, सालं काढा, ४०० मिली पाण्यात वाटून फडक्यातून गाळा. कच्चा वास जायला ५ मिनिटं ढवळत उकळा. चोथा भाजीच्या वाटणात जातो. नारळाचं दूधही चालतं, पण घरात शेंगदाणे असताना डबा विकत आणायची गरज नाही.

गूळ या दुधात गरम करून विरघळवा आणि गाळा, खडे निघतात. गाईच्या दुधात असं केलं तर ते फाटायची भीती असते. गार झाल्यावर तेल, केळं आणि लिंबू घालून फेटा. कोरडं सगळं चाळून घाला आणि पीठ दिसेनासं होईपर्यंतच ढवळा, साधारण वीस-पंचवीस फेऱ्या. सोडा आणि लिंबू भेटताच बुडबुडे सुटतात, म्हणून भांडं आधी तेल-कागद लावून तयार हवं आणि ओव्हन तापलेला हवा. ७ इंची भांड्यात, १७० अंशांवर ४५ ते ५० मिनिटं. मधोमध सुरी खुपसून कोरडी निघाली की झाला. मध्ये बसला तर दोन कारणं: केळं जास्त झालं किंवा अर्ध्या तासाच्या आत दार उघडलं. केळी वजन करूनच घ्या, तीन केळी हे माप फसवं आहे. नवापूरकडे नाताळाला हाच केक करणाऱ्यांनी मनुका, काजू आणि सुंठ घालावी. मनुका कणकेत घोळवून घातल्या तर तळाशी जात नाहीत.

ओव्हन नसेल तर

जुनी जाड कढई घ्या, तळाला बोटभर मीठ किंवा वाळू पसरा, वर जाळी ठेवा, घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा. मग भांडं आत ठेवून आच मंद करा. नानकटाईला २५ मिनिटं, केकला तासभर. नॉन-स्टिक कढई यासाठी कधीच वापरू नका, रिकामी तापून तिचा थर खराब होतो.

दिवाळीत रवा-मैदा घेऊन गावातल्या भट्टीवर जायची पद्धत अजून आहे, आणि लॅक्टोजचाच त्रास असेल तर जरूर जा. पत्रे मात्र घरून न्या, किंवा तिथल्या पत्र्यावर बटर पेपर टाका, कारण ते इतरांच्या तुपानं माखलेले असतात. भट्टी पावासाठी कडक तापते आणि मग हळूहळू उतरते. नानकटाई उतरत्या भट्टीत लावायला सांगा. अ‍ॅलर्जी असेल तर भट्टीवर नेऊ नका, घरीच करा.

आजीच्या हातची चव हवी असेल तर आजीचं माप आधी ग्रॅममध्ये आणा. तिच्या वाटीनं, तिच्याच हातानं पीठ भरून घ्या, काट्यावर ठेवा आणि आकडा लिहून घ्या. एकच वाटी कुणी दाबून भरतं, कुणी सैल. तुपाचं तर ती अंदाजानंच सांगेल, म्हणून वापरण्याआधी आणि नंतर डब्याचं वजन करा. मग तुपाच्या जागी त्याच वजनाचं वनस्पती तूप किंवा थोडं कमी खोबरेल घेता येतं.

नानकटाई पूर्ण गार झाल्यावरच पत्र्याच्या डब्यात भरा. खोबरेलाची तीन आठवडे टिकते, शेंगदाणा तेल असलेली दहा-बारा दिवसांत खवट होऊ लागते. केक बाहेर दोन दिवस, फ्रिजमध्ये चार-पाच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हे करणार असाल तर केकच करा. वैशाखातल्या उन्हात खोबरेल थिजवणं म्हणजे फ्रिजच्या दारात उभं राहणं. डब्यावर ‘दूध नाही’ अशी चिठ्ठी चिकटवा, आणि तुपाच्या करंज्या काढलेला चमचा किंवा हात त्यात जाऊ देऊ नका.