जमावबंदी आणि साथ असताना कोकण भवनात निवेदन द्यायला जाण्याची तयारी

ठाण्याहून बेलापूरच्या कोकण भवनात विभागीय आयुक्तांना भेटायला जायचे असेल आणि बाहेर बंद, जमावबंदी, वर गॅस्ट्रो (जुलाब-उलट्या) आणि लेप्टो (साचलेल्या दूषित पाण्यातून होणारा ताप) यांची साथ असेल, तर शिष्टमंडळात माणसे चारच घ्या. जमावबंदीचा आदेश बहुधा पाच किंवा अधिक व्यक्तींसाठी असतो. हौसेने गाडीत बसलेला पाचवा कार्यकर्ता सगळ्यांचीच अडचण करतो. भेटीच्या पत्रात मात्र एक राखीव नाव आधीच घाला. सकाळी कुणाला ताप किंवा जुलाब असतील तर तो कितीही मोठा पदाधिकारी असला तरी घरीच थांबेल आणि राखीव माणूस जाईल.

आदल्या रात्री आदेशाची प्रत मिळवून वाचा. ठाणे आणि नवी मुंबई ही वेगवेगळी पोलीस आयुक्तालये आहेत, म्हणून दोन्हीकडचे आदेश पाहावे लागतात. आदेश कोणत्या कलमाखाली आहे तेही पाहा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 163, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे 144, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम 37 यांत फरक आहे. 37 (1) लागू असेल तर काठी बाळगायलाही मनाई असते, तेव्हा झेंड्याची काठी घरीच ठेवा. बॉनेटवरचा झेंडाही उतरवा.

निवेदनाच्या तीन प्रती लागतात. एक साहेबांना, एक आवक शाखेत, आणि तिसरी तारीख व आवक क्रमांकासह शिक्का मारून परत आणायची. पोच नसेल तर निवेदन दिलेच नाही असे समजा. पत्रे, ओळखपत्रे, गाडीचे कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये.

रस्ता ठरवताना विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी आहे का, हे आधी विचारा. असल्यास मुलुंडमार्गे ऐरोली पुलावरून ठाणे-बेलापूर रस्त्याला लागा. ट्रान्सहार्बर लोकल हा चांगला पर्याय आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरला आंदोलकांनी रेल्वे रोखली तेव्हा तासन्‌तास लोकल बंद होत्या आणि पुढे इंटरनेटही बंद झाले. इंटरनेट गेले की यूपीआय गेले. म्हणून शंभर-पन्नासच्या सुट्ट्या नोटा, टाकी भरलेली गाडी, डाउनलोड केलेला नकाशा, आणि 112, 108 व वकिलांचा नंबर कागदावर लिहून घ्या. व्हॉट्सअॅपवरचे अफवांचे फॉरवर्ड प्रवासात पुढे पाठवू नका. नाहक गुन्हा अंगावर येतो.

पाणी घरचेच, उकळलेले, माणशी दोन लिटर. ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच टाकतात. ग्लासात थोडे थोडे कालवले की क्षारांचे प्रमाण बिघडते. केलेले पाणी 24 तासांनंतर ओतून द्या. साबणाची वडी बरोबर हवीच, कारण मळलेल्या हातावर सॅनिटायझर नीट चालत नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या तीन दिवसांच्या घ्या. संचारबंदी लागली तर मेडिकल उघडे मिळेलच असे नाही. तापावर फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यूचा संशय असताना अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

साचलेल्या पाण्यातून चालावे लागले, त्यातही पायाला जखम असेल, तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून लेप्टोच्या प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा. परतल्यावर महिनाभरात कुणाला ताप आला तर त्या पाण्याचा उल्लेख डॉक्टरांसमोर आपणहून करा.