पन्नाशीनंतरचा मेकअप: शेड नंतर, पोत आधी

पन्नाशीनंतर फाउंडेशन घ्यायला गेलात, की शेडच्या आधी त्याचा पोत बघा. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजन साधारण ३० टक्क्यांनी घटतं आणि तेलग्रंथीही मंदावतात. त्वचा पातळ आणि कोरडी होते. अशा त्वचेवर तिशीतलं मॅट, म्हणजे चमक नसलेलं, फाउंडेशन आणि वर कॉम्पॅक्टचा थर दिला, की तासाभरात सगळं सुरकुत्यांत जाऊन बसतं आणि चेहरा आहे त्याहून थकलेला दिसतो.

आधी चेहरा तयार करा. सौम्य फेसवॉशने तोंड धुवा आणि चेहरा किंचित ओलसर असतानाच ग्लिसरीन किंवा हायल्युरॉनिक अ‍ॅसिड असलेलं मॉइश्चरायझर लावा. ते मुरलं की एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेलं सनस्क्रीन. तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा काढा, चेहऱ्याला आणि मानेला एवढं लागतंच. पाच-दहा मिनिटं थांबा. ही घाई केली तर वरचं फाउंडेशन गोळे होऊन निघतं.

मग पोत. डब्यावर ‘मॅट’, ‘ऑइल कंट्रोल’ असं असेल तर बाजूला ठेवा. ‘हायड्रेटिंग’, ‘सॅटिन’, ‘रेडियंट’ हे शब्द शोधा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत फार चकाकणारं फाउंडेशन घामाने ओघळतं, तिथे हलकी चमक देणारं सॅटिनच बरं.

आता शेड. इथे मात्र वेळ काढा. हाताच्या पाठीवर लावून काही कळत नाही. जबड्याच्या कडेला जवळजवळच्या तीन शेड्सच्या बारीक रेघा ओढा, दुकानाच्या दारात उजेडात या आणि दहा-पंधरा मिनिटं तशाच राहू द्या, कारण काही फाउंडेशन्स हवेत थोडी गडद होतात. जी रेघ दिसेनाशी होईल ती तुमची. आपल्यापैकी अनेकींचं कपाळ आणि ओठांभोवतीचा भाग मानेपेक्षा सावळा असतो, म्हणून मानेशी जुळणारी शेडच घ्यावी. “एक शेड उजळ घ्या, छान दिसेल,” असा आग्रह काउंटरवर हमखास होतो. तो ऐकू नका. गव्हाळ किंवा सावळ्या रंगावर फिकट, गुलाबीसर शेड राखाडी दिसते. आपला रंग लपवण्यासारखा नाही आणि तो जपणारा मेकअपच सगळ्यात देखणा दिसतो, असं मला मनापासून वाटतं.

फाउंडेशन नाकाजवळून सुरू करून ओल्या स्पंजने बाहेरच्या बाजूला पातळ पसरवा. वांगाचे डाग असतील तर सगळीकडे दुसरा थर देऊ नका, फक्त डागावर कन्सीलर, म्हणजे डाग झाकणारं दाट क्रीम, थोपटा. काळ्या वर्तुळांवर आधी काळपटपणा दबवणारं नारिंगीसर करेक्टर लावा, मग अगदी थोडं कन्सीलर, तेही डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याकडे. डोळ्यांच्या बाहेरच्या बारीक रेषांवर काहीच नको.

पावडर नाकाच्या बाजूंना, हनुवटीला आणि कपाळाच्या मध्यभागी पुरते. डोळ्यांखाली टाळाच. लग्नाचं आमंत्रण असेल तर आदल्या आठवड्यात घरीच पूर्ण मेकअप करून फ्लॅशमध्ये एक फोटो काढा. काही पावडरी आरशात दिसत नाहीत, पण फोटोत पांढऱ्या उमटतात.

गालांना क्रीम ब्लश, तोही हसल्यावर उंचावणाऱ्या भागाच्या जरा वर, म्हणजे चेहरा ओढल्यासारखा वाटत नाही. विटकरी आणि कोरल रंग आपल्याकडे बहुतेकींना शोभतात. लिपस्टिक क्रीमी असू द्या आणि ती ओठांच्या रेषांत पसरू नये म्हणून आधी त्याच रंगाचं लिप लायनर फिरवा. खालच्या पापणीतलं काजळ उतरून डोळ्यांखाली काळं होत असेल, तर ते फक्त वरच्या पापणीच्या कडेला घाला.

टिकलीखाली खाज येत असेल किंवा तिथली त्वचा पांढरी पडत असेल, तर टिकली लगेच बंद करा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. काही टिकल्यांच्या गोंदातलं रसायन त्वचेचा रंग घालवू शकतं.

नवीन काहीही घेतलं तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. डब्यावर उघड्या झाकणाचं चित्र आणि ‘१२ एम’ असं असेल, तर उघडल्यापासून बारा महिनेच वापरायचं. मस्कारा मात्र तीन ते सहा महिन्यांत टाकून द्या, जपून ठेवलेला असला तरी.