जुना पॉवर वीडर आणि गवतानं भरलेला भाजीचा तुकडा: मशीन कधी घालायचं, कसं घालायचं

घरामागचा आमचा चार गुंठ्यांचा तुकडा तीन वर्षं नुसता पडून होता. आधी तिथं आई वांगी, गवार, घेवडा, मेथी सगळं करायची, घरचं भागून शेजारीपाजारी पण जायचं, पण तिचे गुडघे धरले आणि मग तिथं कुणी खुरपं लावलंच नाही. हराळी, लव्हाळा, कमरेएवढं गाजर गवत, बांधाकडून आत सरकलेली घाणेरी. मी एक जुना पेट्रोलवरचा ७ एचपीचा पॉवर वीडर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती खणून तण काढणारं हातानं चालवायचं मशीन, घेतला आणि घरी आणला त्याच संध्याकाळी थेट त्या गवतात घातला. दिसायला रान एकदम मोकळं झालं, आई पण खूश झाली, आणि पहिला पाऊस पडून पंधरा दिवस होतायत तोवर अख्ख्या तुकड्यावर हराळीची हिरवी चादर, आधी होती त्यापेक्षा दाट.

झालं काय, तर हराळीच्या जमिनीतल्या ज्या काशा असतात त्यांच्या प्रत्येक पेराला डोळा असतो. रोटरनं, म्हणजे मशीनच्या फिरत्या पात्यांनी, त्यांचे बोटबोटभर तुकडे केले आणि चार गुंठ्यांत सगळीकडे नीट पेरून दिले. लव्हाळ्याचं पण तेच, त्याच्या गाठी माळेसारख्या एकमेकीला जोडलेल्या असतात, माळ तुटली की प्रत्येक गाठ वेगळी उगवते. म्हणून हा सगळा लेख मी एवढ्यासाठीच लिहितोय की मशीन चालवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे, ते कुठल्या क्रमानं चालवायचं यावर सगळं ठरतं.

आधी मशीनबद्दल. जुनं घ्यायला जाताना विकणाऱ्याला सांगून ठेवा की चालू करून ठेवू नका. गेल्यावर पहिल्यांदा सायलेन्सरला हात लावून बघायचा, गरम असेल तर इंजिन थंड असताना सुरू व्हायला त्रास देत असणार असं समजायचं आणि अर्धा तास चहा पीत बसायचं पण थंड झाल्यावरच सुरू करून बघायचं. स्टार्टरची दोरी हळूच ओढा, एका ठिकाणी हाताला चांगला अडथळा लागला पाहिजे, नुसती सरसर येत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, गेलंय. सुरू झाल्यावर धूर बघा. काळा धूर असेल तर बहुतेक एअर फिल्टर चोंदलेला असतो नाहीतर कार्बोरेटरचं काम असतं, त्याला घाबरायचं कारण नाही, पण निळसर पांढरा धूर येतच राहिला तर ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगांचा खर्च आहे, तो भाव ठरवताना धरा.

मग इंजिन बंद करून, चुकून सुरू होऊ नये म्हणून स्पार्क प्लगची टोपी काढून, पात्यांचा शाफ्ट दोन्ही हातांनी वर-खाली हलवून बघा. खडखड वाजला, ढिला लागला तर बेअरिंग गेलंय. शाफ्ट गिअर बॉक्समधून बाहेर येतो तिथं ऑइलचा ओघळ आहे का ते बघा, तिथली ऑइल सील गेली की गिअर बॉक्समधलं ऑइल गळतं आणि माती-पाणी आत जातं. गिअर ऑइल ताकासारखं पांढरट दिसलं म्हणजे पाणी गेलेलंच आहे. माझ्या मते इंजिनापेक्षा गिअर बॉक्सकडे जास्त बघावं, कारण छोटं इंजिन गावातला कुठलाही मोटारसायकलवाला मिस्त्री जाग्यावर आणतो, गिअर बॉक्सचे पार्ट मात्र त्या त्या मॉडेलचेच लागतात आणि कधी कधी मिळत पण नाहीत. बिल आहे का विचारा, आणि सबसिडीवर घेतलेलं असेल तर विकायला काही अट आहे का ते पण विचारा.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी रानात न्यायचंच नाही. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि महिनोन् महिने पडून राहिलं की कार्बोरेटरच्या वाटीत चिकट गाळ धरतो, जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, बुजतो. वाटी खोलून साफ करा. इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट झाल्यावर जुनं ऑइल सोडून द्या, कोमट ऑइल पटकन उतरतं आणि सोबत घाण पण घेऊन येतं. नवीन ऑइल साधारण ६०० मिली बसतं बहुतेक ७ एचपीच्या पेट्रोल इंजिनांत, पण मापापेक्षा ऑइलची लेव्हल दाखवणाऱ्या काडीवर विश्वास ठेवा, आणि मशीन सपाट जागेवर ठेवून बघा. या इंजिनांची काडी बहुधा आटे न फिरवता नुसती आत टेकवून लेव्हल बघायची असते, बरेच जण पूर्ण फिरवून बघतात आणि मग लेव्हल आहे त्यापेक्षा जास्त दिसते. प्लग काढून बघा, टोकाचा रंग बिस्किटासारखा असेल तर उत्तम, काजळी असेल तर घासून घ्या, गॅप ०.७ ते ०.८ मिमी. एअर फिल्टरचा स्पंज निरम्याच्या पाण्यात धुवून वाळवायचा, वर थोडं ऑइल चोळून पिळून घालायचा.

पाती बसवताना एक गोष्ट हमखास चुकते. डावीकडची आणि उजवीकडची पाती वेगळी असतात, आणि पात्याची धार फिरण्याच्या दिशेनं आधी मातीला लागली पाहिजे. माझ्या मशीनला आधीच्या मालकानं दोन्ही बाजूंची अदलाबदल केलेली होती, पाठ आधी लागत होती, त्यामुळे मशीन मातीत घुसायच्या ऐवजी वरच्या वर नाचत होतं आणि मला वाटत होतं की जमीनच कडक आहे. पाती काढताना-घालताना, गवत सोडवताना, काहीही करताना प्लगची टोपी आधी काढायची. नुसतं बटण बंद करून हात घालायचा नाही. आणि क्लचचा दांडा सोडल्यावर पाती लगेच थांबतायत ना हे रानात जायच्या आधी अंगणात बघून घ्या, जुन्या मशीनची क्लच वायर ताणलेली किंवा अडकलेली असू शकते आणि काही जणांनी तो दांडा तारेनं बांधून पण ठेवलेला असतो, ती तार आधी तोडून टाका.

आता रान. पायात गमबूट घाला, हातात लांब काठी घ्या आणि आधी गवत हलवत फिरा, पडीक तुकड्यात घोणस-फुरसं बसलेलं असू शकतं. मग विळ्यानं किंवा ग्रास कटरनं सगळं गवत दोन इंचांवर कापून बाहेर काढा. उंच गवतात रोटर घातला की ते शाफ्टला दोरीसारखं गुंडाळतं आणि दर पाच मिनिटांनी थांबून कापत बसावं लागतं. गाजर गवत फुलावर यायच्या आधी उपटा, हातमोजे घालून, कारण अंगाला खाज सुटते, काहींना तर त्याचा फार त्रास होतो. हे गवत आपल्या देशात पहिल्यांदा लक्षात आलं ते पुण्यात, १९५५ च्या सुमाराला, आणि आज ते नाही असा बांध सापडत नाही, एका झाडाला हजारोंनी बी धरतं म्हणून फुलावर आलेलं असेल तर खताच्या खड्ड्यात अजिबात टाकू नका.

कापून झालं की जमीन दिसायला लागते आणि खरा कचरा तेव्हा समोर येतो. माझ्या चार गुंठ्यांत काय काय निघालं तर ठिबकच्या जुन्या नळ्या, मांडवाची बाइंडिंग तार, नायलॉनची दोरी, फुटकी बाटली, साडीची चिंधी आणि तुरीची वाळलेली धसकटं. तार आणि दोरी सगळ्यात वाईट, ती शाफ्टवर गुंडाळत गुंडाळत आत जाते आणि वर सांगितलेली ऑइल सील कापते. म्हणून दाताळं घेऊन एकदा उभं आणि एकदा आडवं फिरायचं, दगड वेचायचे, धसकटं कुदळीनं काढायची, आणि जो मोठा दगड निघणारच नाही तिथं काठी रोवून वर लाल फडकं बांधायचं. या कामाला मला दोन दिवस लागले आणि ते दोन दिवस सत्कारणी लागले.

त्यानंतर वाफसा, म्हणजे मशागतीला बरोबर अशी ओल, ना चिखल ना कडक. काळ्या जमिनीत तर हे सोडून चालतच नाही. एप्रिल-मेमध्ये जमीन दगडासारखी असते, मशीन उड्या मारतं, हात भरून येतात. अशा वेळी तुकड्याला एक हलकं पाणी द्या आणि चार-पाच दिवस थांबा, किंवा वळवाचा एखादा पाऊस झाला असेल तर तो धरा. मग चार-पाच इंच खालची मूठभर माती घेऊन लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. लाडू पडून फुटला की वाफसा आला. नुसता चपटा झाला तर अजून ओल आहे, थांबा, कारण ओल्या काळ्या मातीत रोटर फिरवला की खाली चकचकीत थर धरतो आणि वर अशी ढेकळं होतात की वाळल्यावर विटा. लाडू वळतच नसेल तर परत पाणी.

वाफशावर पहिली फेरी मारायची फक्त दोन इंच खोल. मला माहितीय की मशीन घेतल्यावर एकदम खोल घालावंसं वाटतं, पण नाही. मशीन चाकांवर तुकड्यापर्यंत न्या, तिथं चाकं काढून पाती घाला, पिना नीट लागल्यात का बघा. मागचा जो डेप्थचा दांडा असतो त्यावर सगळा खेळ आहे. तो पुढं जाणाऱ्या मशीनला ब्रेकसारखा अडवतो, हँडल खाली दाबलं की दांडा मातीत रुततो, मशीन जागेवर थांबून खोल खणतं, हँडल थोडं उचललं की मशीन पुढं पळतं. हे एकदा हाताला कळलं की जोर लावायची गरजच उरत नाही, तुम्ही फक्त दाबत-सोडत चालायचं. कडक जागी मशीन उड्या मारत असेल तर एक्सलेटर कमी करा आणि दोन्ही बाजूंचा बाहेरचा पात्यांचा जोड काढून टाका, रुंदी कमी झाली की तीच ताकद कमी जागेत लागते. दहा-पंधरा मिनिटांनी थांबून सगळे नट-बोल्ट एकदा आवळून घ्या, जुनं मशीन हादऱ्यानं ढिलं होतंच. उलटा गिअर टाकायच्या आधी मागं वळून बघा, बांध, झाड किंवा भिंत यांच्यात आणि मशीनमध्ये स्वतःला कधीच येऊ देऊ नका. लुंगी, उपरणं, ओढणी, मोकळा पदर यातलं काही अंगावर नको. पोरं लांब. पेट्रोल भरायचं ते इंजिन गार झाल्यावर.

दोन इंचांच्या त्या फेरीनं हराळीचा वरचा गालिचा सुटा होतो, आणि इथं मशीन बंद करायचं. आता दाताळ्यानं काशा ओढायच्या, हातानं वेचायच्या, घमेल्यात भरून बाहेर काढायच्या, बांधावर नाही टाकायच्या, तिथून परत येतात, कडक फरशीवर किंवा पत्र्यावर पसरून पार कुरकुरीत वाळवायच्या. आमच्याकडे आई खुर्ची टाकून बसली आणि कुठं राहिल्यात ते दाखवत गेली, तिला ती जमीन पाठ आहे. लव्हाळ्याचे जिथं पुंजके आहेत तिथं मशीन अजिबात नको, टिकावानं फूटभर खणून गाठी काढायच्या. मग जमीन आठ-दहा दिवस तापू द्यायची. मेच्या उन्हात वर उघड्या पडलेल्या काशा आणि गाठी सुकून मरतात, तेवढं औषध कुठलं नाही.

दुसरी फेरी आडवी, चार इंच, परत वेचणी, परत ऊन. यावेळी निम्म्यापेक्षा कमी निघतात. एखादा कोपरा फारच हराळीचा असेल तर तिथं पाणी देऊन पारदर्शक प्लास्टिक पसरून कडा मातीनं दाबून चार ते सहा आठवडे ठेवा, काळं नको, पारदर्शकच, त्यातून ऊन आत जाऊन माती तापते. हराळीच्या वरच्या थरातल्या काशा आणि गवताचं बरंचसं बी त्यानं मरतं, लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र वाचतात.

तिसरी फेरी मे संपताना, पाच-सहा इंच. तिच्या आधी कुजलेलं शेणखत पसरा, गुंठ्याला दोनशे ते अडीचशे किलो, म्हणजे ते मातीत मिसळून जाईल. पार पिठासारखी भुकटी होईपर्यंत फिरवत बसू नका, तशी माती पहिल्या जोराच्या पावसानं दाबून बसते आणि वर पापडी धरते, मग मेथी-कोथिंबिरीचं बी वर यायला झगडतं. सुपारीएवढी बारीक ढेकळं राहिली तरी चालतील, बरंच आहे.

मग मृगाचा पाऊस झाला की लगेच पेरू नका. हे मी दुसऱ्या वर्षी शिकलो. आठ-दहा दिवस जाऊ द्या, जमिनीत पडून राहिलेलं सगळं तणाचं बी हिरवं होऊन वर येतं, आणि वाफसा आला की फक्त दीड-दोन इंच वरच्या वर मशीन फिरवायचं. खोल घातलं तर खालचं नवीन बी वर येतं आणि सगळं परत पहिल्यापासून. ही हलकी फेरी झाली की त्याच दिवशी सऱ्या पाडा, वाफे करा आणि बी घाला.

पीक उभं राहिल्यावर पण मशीन उपयोगी पडतं, पण त्यासाठी लावतानाच दोन ओळींत जागा सोडावी लागते. वांगी-टोमॅटोच्या ओळी तीन फुटांवर ठेवा आणि मशीनची रुंदी बाहेरची पाती काढून दीड-दोन फुटांवर आणा, म्हणजे रोपांच्या मुळ्या कापल्या जात नाहीत. रोपाच्या बुडाशी खुरपंच लागतं. आणि हंगाम संपला की पाती धुवून ऑइलचा हात फिरवायचा, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो, टाकी पण रिकामी करायची, आणि मशीन कोरड्या जागी चाकांवर उभं करायचं. मी यंदा तेवढंच केलं होतं आणि सहा महिन्यांनी दोरीच्या तिसऱ्या ओढीला सुरू झालं.