व्हर्च्युअल मशीन चालेना? पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी या चुका टाळा

"व्हीएम उघडत नाही, काय करू?" असा मेसेज आला की मी उलट एकच विचारतो, बिघाड आत आहे की बाहेर? व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन, तुमच्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेला दुसरा कॉम्प्युटर. आत म्हणजे गेस्ट, व्हीएममधली ऑपरेटिंग सिस्टम. बाहेर म्हणजे होस्ट, तुमचं खरं मशीन. हे विचारायचं कारण, माझ्याकडे आलेल्या बहुतेक केसेसमधे दुखणं होस्टला असतं आणि माणूस गेस्ट उडवून परत टाकत बसलेला असतो. उबंटू चालत नाही म्हणून मिंट टाकलं, मिंट चालत नाही म्हणून डेबियन टाकलं (तिन्ही लिनक्सचेच प्रकार), संध्याकाळ गेली आणि चूक निघाली बायोसमधे, म्हणजे विंडोजच्याही आधी येणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमधे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पुन्हा इन्स्टॉल करणं हा उपाय नाही, ती घाई आहे, आणि त्यात मूळ एरर काय होता तोही पुसला जातो.

बायोसमधलं व्हर्च्युअलायझेशन बंद

व्हर्च्युअलबॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या यादीत ६४ बिटचे पर्यायच दिसत नाहीत, फक्त ३२ बिटचे दिसतात, किंवा मशीन सुरू करताच व्हीटी-एक्सच्या (प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) नावाने एरर येतो, तर पहिल्यांदा इथे बघा. विंडोजमधे टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समधे सीपीयूवर गेलात की खाली व्हर्च्युअलायझेशन इनेबल्ड आहे की डिसेबल्ड ते लिहिलेलं असतं, दहा सेकंदांचं काम आहे. डिसेबल्ड असेल तर बायोसमधे जाऊन चालू करा, इंटेलवर ते व्हीटी-एक्स किंवा इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी अशा नावाने सापडेल, एएमडीवर बऱ्याचदा एसव्हीएम मोड. सेव्ह करून बाहेर पडा, मग मशीन एकदा पूर्ण बंद करून चालू करा.

ते हिरवं कासव

टास्क मॅनेजर म्हणतो इनेबल्ड, मशीन सुरूही होतं, पण इतकं संथ की मेनू उघडायला वाट बघावी लागते. अशा वेळी व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खालच्या पट्टीवर बघा, छोटं हिरवं कासव दिसतंय का. लोक ते बघतात, गंमत वाटते, सोडून देतात. ते कासव सांगतंय की विंडोजचा स्वतःचा व्हीएम चालवणारा हायपर-व्ही आधीच खाली चालू आहे, प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय त्याने धरून ठेवलीय आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावं लागतंय, म्हणून सगळं रांगतंय.

आणि हायपर-व्ही तुम्ही स्वतः चालू केलेला असेलच असं नाही. डब्ल्यूएसएल २ (विंडोजमधेच लिनक्स चालवायची सोय) टाकलं की तो येतो, विंडोज सिक्युरिटीमधे कोअर आयसोलेशनखालचं मेमरी इंटिग्रिटी चालू असलं तरी येतो. बंद करायचा तर विंडोज फीचर्समधे हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरवायझर प्लॅटफॉर्म या तिन्हींची टिक काढा, मेमरी इंटिग्रिटी बंद करा, रीस्टार्ट करा आणि कासव गेलं का बघा. पण आधी विचार करा. याने डब्ल्यूएसएल २ बंद पडेल, आणि मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेसाठी दिलेली गोष्ट आहे, कुठल्या तरी व्हिडिओत सांगितलं म्हणून ती बंद करून विसरून जाणं मला अजिबात पटत नाही. डब्ल्यूएसएल रोज लागत असेल आणि विंडोज प्रो असेल तर मी सरळ हायपर-व्हीमधेच व्हीएम बनवतो, दोघांना एका म्यानात कोंबत नाही.

रॅम आणि कोअरची उधळपट्टी

आठ जीबीच्या लॅपटॉपवर गेस्टला सहा जीबी दिले की होस्ट स्वॅप करायला लागतो, म्हणजे रॅम पुरत नाही म्हणून संथ डिस्कवर भागवतो, आणि होस्ट स्वॅप करायला लागला की गेस्टही मरतो. मग वाटतं अजून रॅम द्यावी. उलट कमी करून बघा. मी अर्ध्याच्या वर कधी जात नाही, कोअरच्या बाबतीतही तेच. स्लायडरवर हिरवा पट्टा आणि लाल पट्टा असतो तो शोभेसाठी नसतो.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नाही

स्नॅपशॉट म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची टिपून ठेवलेली अवस्था, जिथे नंतर परत जाता येतं. तो बॅकअप नाही हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे, कारण इतर चुकांमधे वेळ जातो, या चुकीत काम जातं.

आमच्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलाचा रात्री फोन आला, "दादा, व्हीएम चालू होत नाही, डिस्क फाईल सापडत नाही म्हणतंय." काय केलंस विचारलं तर म्हणे होस्टची डिस्क भरली होती, म्हणून कुठल्या फाईल मोठ्या आहेत ते शोधलं, तर स्नॅपशॉट्स नावाच्या फोल्डरमधे महिरपी कंसात लांबलचक आकडे-अक्षरं असलेली एक प्रचंड फाईल निघाली. नाव विचित्र, म्हणजे टेम्पररी असणार, असं समजून त्याने शिफ्ट डिलीट केलं. मुख्य व्हीडीआय फाईल (व्हीएमची डिस्क जिच्यात असते ती) मात्र जपून ठेवली होती, तेवढंच तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता, "मेन फाईल आहे ना पण."

मेन फाईल होती, पण त्यात काय होतं? पहिला स्नॅपशॉट घेता त्या क्षणी मूळ डिस्क गोठते, त्यानंतर गेस्टमधे जे काही लिहिलं जातं ते सगळं नव्या फरकाच्या फाईलमधे जातं आणि मूळ फाईलला हात लागत नाही. त्याने पहिला स्नॅपशॉट घेतला होता इन्स्टॉल झालं त्याच दिवशी. नंतरच्या पाच महिन्यांचा सगळा कोड, डेटाबेस, सेटिंग त्या विचित्र नावाच्या फाईलमधे होतं. आम्ही मूळ व्हीडीआय नव्या मशीनला जोडून चालू केली, डेस्कटॉप आला, कोरा करकरीत, पहिल्या दिवसाचा वॉलपेपर. तो काही बोललाच नाही. होस्टला एसएसडी होती, त्यामुळे डिलीट झालेली फाईल परत आणायचे जे काही सॉफ्टवेअर आम्ही त्या रात्री चालवले त्यांच्या हाताला काही लागलं नाही.

म्हणून व्हीएमच्या फोल्डरमधलं काहीही फाईल एक्सप्लोररमधून उडवू नका, कितीही निरुपयोगी दिसलं तरी. स्नॅपशॉट काढायचा तर व्हर्च्युअलबॉक्सच्या स्नॅपशॉटच्या खिडकीतून काढा, तेव्हा तो फरक शेजारच्या फाईलमधे मिसळला जातो, डेटा जात नाही. त्याला वेळ लागतो आणि मधल्या काळात जास्तीची जागाही लागू शकते, त्यामुळे डिस्क पूर्ण भरेपर्यंत थांबू नका, आणि मिसळणं चालू असताना अडकलं असं समजून बंद तर मुळीच करू नका.

माझी सवय अशी की मोठ्या अपडेटआधी एक स्नॅपशॉट घ्यायचा, आठवडाभर सगळं नीट चाललं की काढून टाकायचा, आणि एका वेळी दोनच्या वर ठेवायचे नाहीत. बॅकअपसाठी महिन्यातून एकदा गेस्ट नीट शटडाउन करून ओव्हीए (अख्खं व्हीएम एका फाईलमधे) एक्सपोर्ट करतो आणि ती फाईल बाहेरच्या डिस्कवर टाकतो. ती डिस्क फॅट३२ फॉरमॅटची असेल तर चार जीबीच्या वरची फाईल बसतच नाही, एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या.

डिस्क भरण्यावरून आणखी एक. डायनॅमिक डिस्कची फाईल लागेल तशी वाढते, पण आतल्या फाईल डिलीट केल्या म्हणून आपोआप लहान होत नाही. आधी गेस्टच्या आत रिकामी जागा शून्यांनी भरावी लागते, विंडोजमधे एसडिलीट, लिनक्सच्या एक्स्ट४ फाईल सिस्टमवर झिरोफ्री, आणि मग बाहेरून फाईल लहान करणारी कॉम्पॅक्टची कमांड. गेस्टला पन्नास जीबी दिसतायत म्हणून होस्टवर तेवढी जागा आहे असं नसतं. होस्टची जागा संपली की व्हर्च्युअलबॉक्स मशीन पॉज करून मेसेज दाखवतो, तेव्हा घाबरून पॉवर ऑफ करू नका, होस्टवर जागा मोकळी करा आणि रिझ्यूम करा, जिथे होतं तिथून पुढे चालतं.

"इंटरनेट चालतं पण होस्टवरून पिंग होत नाही"

कारण तुम्ही नॅटवर आहात, म्हणजे गेस्ट होस्टच्या आडून इंटरनेट वापरतो. व्हर्च्युअलबॉक्सच्या साध्या नॅटमधे गेस्टला १०.०.२.१५ हा आयपी पत्ता मिळतो, दुसरं मशीन चालू केलं तर त्यालाही तोच, आणि दोघं एकमेकांना दिसत नाहीत. हे बिघडलेलं नाही, नॅट असंच असतं. नुसतं एसएसएच (दुसऱ्या मशीनवर दुरून कमांड चालवणं) हवं असेल तर पोर्ट फॉरवर्डिंगमधे होस्टचा २२२२ गेस्टच्या २२ वर वळवा, पुरतं. होस्टशी आणि आपसात बोलायचं असेल तर दुसरा अडॅप्टर होस्ट-ओन्ली (फक्त होस्ट आणि गेस्टमधलं नेटवर्क) लावा. लोक मात्र पहिल्या झटक्यात ब्रिज्ड करतात, म्हणजे गेस्टला वेगळं मशीन म्हणून थेट घरच्या नेटवर्कला जोडतात, तेही वायफायवर, आणि मग आयपी मिळत नाही म्हणून रडतात. बरेच वायफाय अॅक्सेस पॉइंट एका जोडणीमागे दुसरा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) चालवून घेत नाहीत. ब्रिज्ड हवंच असेल तर केबल लावा.

बाकीच्या, पटापट

स्क्रीन छोटी दिसते, कॉपी पेस्ट होत नाही, तर गेस्टमधे व्हर्च्युअलबॉक्सचं पूरक सॉफ्टवेअर, गेस्ट अॅडिशन्स टाका. लिनक्समधे कर्नल (त्याचा गाभा) अपडेट झाल्यावर ते परत बंद पडलं असेल तर नव्या कर्नलचे हेडर्स आहेत का ते बघा.

शेअर्ड फोल्डरला परवानगी नाही म्हणतंय? युजरला व्हीबॉक्सएसएफ ग्रुपमधे घाला, लॉगआउट करून परत या. सुडो लावून भागवू नका.

इन्स्टॉल झाल्यावर परत इन्स्टॉलरच येतोय, तर आयएसओ (इन्स्टॉलरची डिस्क फाईल) अजून व्हीएमच्या ड्राइव्हमधेच आहे, काढा.

डिस्क मोठी केली पण आत जागा तेवढीच, कारण पार्टिशन वाढवायचं राहिलं.

विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), चार जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क लागते. व्हर्च्युअलबॉक्समधे टीपीएम २०२२ च्या ७.० पासून आहे, तेव्हा रजिस्ट्रीतले जुगाड करण्याआधी व्हर्जन अपडेट करा.

एम१ किंवा त्यानंतरच्या मॅकवर नेहमीचा एक्स८६ (इंटेल-एएमडीचा) आयएसओ वेगात चालणार नाही, प्रोसेसरच वेगळा आहे. एआरएमचा आयएसओ घ्या. यूटीएम हे मॅकवरचं व्हीएम सॉफ्टवेअर एमुलेशन करून, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करून, एक्स८६ चालवतं, पण रोजच्या कामाला ते नको.

इतकं बघूनही अडलंच आणि कुणाला विचारायचं असेल तर "चालत नाही" असं लिहू नका आणि मोबाईलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटोही पाठवू नका. व्हीएमच्या फोल्डरमधे लॉग्स म्हणून फोल्डर आहे, त्यातली व्हीबॉक्स डॉट लॉग पाठवा, आणि होस्ट कुठला, गेस्ट कुठला, शेवटचं चाललं तेव्हापासून काय बदललं ते लिहा. पाठवण्याआधी ती फाईल स्वतः एकदा शेवटाकडून वर वाचत जा, एररची ओळ बऱ्याचदा तिथेच सापडते.